विल्यम ऑट्रेड आणि त्याची सरकती पट्टी

गुणाकाराचें उदाहरण सोडवितांना दोन आंकड्यांच्या मध्यें आपण जी × ही खूण मांडतों, ती कोणीं प्रचारांत आणिली असावी, हा प्रश्न आपल्यापैकीं फार थोड्यांच्या मनांत आला असेल. रोजच्या वापरांतील वस्तु इतकी आपली होऊन जाते कीं, तिच्यामागें कोणी मनुष्य उभा आहे हें सुचतही नाहीं. ही खूण रूढ करणारा गृहस्थ सतराव्या शतकांतील इंग्लंडांत एका लहानशा खेड्यांत धर्मोपदेशक होता. त्याचें नांव विल्यम ऑट्रेड.

याच गृहस्थानें हिशेब करणाऱ्या लोकांच्या हातीं एक सरकती पट्टी दिली. तिला आपण स्लाइड रूल म्हणतों. पुढें सुमारें साडेतीनशें वर्षेंपर्यंत व्यापारी, जकातदार, इंजिनियर, तोफखान्याचे अधिकारी आणि खलाशी या सर्वांनीं तिच्यावर आपले हिशेब केले. विसाव्या शतकांतील महायुद्धांत समुद्राखालीं दडून बसलेल्या पाणबुड्यांतून शत्रूचें जहाज किती अंतरावर आहे हें काढावयाचें, तें देखील याच पट्टीच्या वंशजांच्या साह्यानें. परंतु पट्टीपेक्षांही मोलाचा असा एक विचार ऑट्रेडनें आपल्या शिष्यांना दिला होता, आणि त्या विचारापायीं त्याला म्हातारपणीं मोठा मनस्तापही सोसावा लागला. तो विचार कोणता, आणि तीन शतकांनंतर समुद्राखालीं त्याचा प्रत्यय कसा आला, हें या चरित्रावरून दिसून येईल.

ऑट्रेडचा जन्म इ. स. १५७४ च्या सुमारास ईटन या गांवीं झाला. तेथील सुप्रसिद्ध शाळेंत त्याचे वडील मुलांना लेखन शिकवीत असत. त्याच शाळेंत विल्यमचें प्रारंभींचें शिक्षण झालें. तेथून तो केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजांत गेला. १५९६ सालीं त्यानें बी. ए. ची व १६०० सालीं एम्. ए. ची पदवी मिळविली. त्या काळीं विद्यापीठांत प्राचीन भाषा व तर्कशास्त्र यांचा मोठा मान होता. गणिताकडे वळणारा विद्यार्थी क्वचितच आढळे, व वळलाच तर त्याला वाट दाखविणारा गुरु मिळणें कठीण. ऑट्रेडनें दिवसाचा वेळ नेमलेल्या अभ्यासाला दिला, आणि रात्रींची झोंप कमी करून गणिताचा व्यासंग केला. पुढें वृद्धपणीं या गोष्टीचा त्यानें स्वतःच उल्लेख केला आहे. आवडीच्या विषयासाठीं त्यानें आपलें कर्तव्य चुकविलें नाहीं. आपल्या विश्रांतीचा वाटा मात्र त्यानें आनंदानें दिला.

१६०३ सालीं त्यानें धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, व १६१० सालीं सरे परगण्यांतील ऑल्बरी या खेड्याच्या मंडळीचा तो पाळक झाला. तेथें तो मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें राहिला. खेडें लहान आणि उत्पन्न बेताचें. घरांत मुलांमाणसांचा परिवार मोठा. तथापि त्याच्या विद्येची कीर्ति हळूहळू इतकी पसरली कीं, लंडनहून व विद्यापीठांतून तरुण मंडळी गणित शिकण्यासाठीं त्या खेड्याची वाट धरूं लागली. कित्येक त्याच्या घरींच राहात. या शिकविण्याचा मोबदला म्हणून तो त्यांच्याकडून कांहीं घेत नसे. पुढें ऑक्सफर्ड येथें भूमितीचा प्राध्यापक झालेला जॉन वॉलिस त्याच्या ग्रंथावरून गणित शिकला व त्याला आयुष्यभर गुरुस्थानीं मानीत असे. लंडनचें सेंट पॉल मंदिर बांधणारा विख्यात शिल्पज्ञ ख्रिस्तोफर रेन यानें तर तरुणपणीं ऑट्रेडच्या सूर्यघड्याळांवरील लेखाचें लॅटिनमध्यें भाषांतर केलें होतें.

जॉन ऑब्री नांवाच्या चरित्रलेखकानें या पंडिताविषयीं कांहीं मौजेच्या गोष्टी लिहून ठेविल्या आहेत. त्याची पत्नी फार काटकसरी होती, व रात्रींच्या जेवणानंतर ती त्याला मेणबत्ती जाळूं देत नसे. त्यामुळें कित्येक सुंदर कल्पना त्या अंधारांतच विरून गेल्या, असें ऑब्रीचें म्हणणें. दुसरी गोष्ट अशी कीं, ऑट्रेड सकाळीं पुष्कळ उशिरापर्यंत बिछान्यांतच विचार करीत पडे, आणि एखादी युक्ति सुचतांच टिपून ठेवावी म्हणून चकमक व शाई उशाशीं ठेवी. या गोष्टींत तिखटमीठ किती आहे तें ऑब्रीसच ठाऊक. पण एकाग्र मनाच्या माणसाचें चित्र त्यांतून डोळ्यांपुढें उभें राहतें.

आतां त्या पट्टीकडे वळूं. तिची कथा समजण्यास थोडें मागें जावें लागेल. १६१४ सालीं स्कॉटलंडांतील जॉन नेपियर यानें लॉगॅरिथमचा शोध प्रसिद्ध केला. मोठमोठे गुणाकार व भागाकार करतांना ज्योतिषी व दर्यावर्दी लोकांचे दिवसचे दिवस खर्ची पडत. नेपियरनें असें दाखविलें कीं, प्रत्येक संख्येला एक सोबतीची संख्या नेमून दिली, तर मूळ संख्यांचा गुणाकार करण्याऐवजीं सोबत्यांची नुसती बेरीज करून भागतें, आणि भागाकाराच्या जागीं वजाबाकी पुरते. लंडन येथील ग्रेशॅम कॉलेजांतील प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज यानें ही रीत दहाच्या पायावर आणून अधिक सोयीची केली. आपण शाळेंत लॉगचीं कोष्टकें वापरतों तीं त्याच मार्गानें आलेलीं आहेत.

१६१८ सालीं ऑट्रेड लंडनला ब्रिग्जच्या भेटीस गेला असतां तेथें एडमंड गंटर या दुसऱ्या गणितज्ञाशीं त्याची ओळख झाली. याच गंटरनें थोड्याच दिवसांत एक नामी युक्ति काढली. त्यानें लॉगॅरिथमचीं अंतरें एका लांकडी पट्टीवर रेखाटलीं. मग दोन संख्या गुणावयाच्या असल्या म्हणजे कर्कटकाच्या दोन टोकांत एक अंतर धरावयाचें, दुसऱ्या अंतराच्या पुढें तें ठेवावयाचें, आणि टोंक जेथें पडेल तेथील आंकडा वाचावयाचा. कोष्टक उघडण्याचेंही कारण उरलें नाहीं. परंतु अचूक उत्तर हवें तर पट्टी लांब हवी, आणि पट्टी लांब झाली म्हणजे कर्कटकही अवजड होई.

१६२२ च्या सुमारास ऑट्रेडच्या मनांत आलें कीं, कर्कटक हवेंच कशाला? तशाच खुणा केलेल्या दोन पट्ट्या एकमेकींना लावून सरकविल्या कीं अंतरांची बेरीज आपोआपच होते. हाच स्लाइड रूल. ही गोष्ट वाचून सोडून देण्यापेक्षां हातानें करून पाहावी. जाड कागदाच्या दहा इंच लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. प्रत्येकीच्या आरंभीं १ चा आंकडा मांडा. तेथून ३.०१ इंचांवर २, ४.७७ इंचांवर ३, ६.०२ इंचांवर ४, ७.७८ इंचांवर ६, आणि शेवटीं दहाव्या इंचावर १० असे आंकडे लिहा. आतां वरच्या पट्टीचा १ खालच्या पट्टीवरील २ च्या समोर आणा. वरच्या ३ च्या खालीं काय दिसतें तें पाहा. तेथें ६ दिसेल, कारण ३.०१ आणि ४.७७ मिळून ७.७८ होतात. दोन त्रिक सहा हें आपणांस पाढ्यांवरून ठाऊकच आहे. पण पट्टीला पाढे ठाऊक नसतांही तिनें तें सांगितलें, ही त्यांतली गंमत. पुढें ऑट्रेडनें याच खुणा एकाच केंद्राभोंवतीं असलेल्या वर्तुळांवरही मांडल्या. वर्तुळाला शेवट नसल्यामुळें उत्तर पट्टीच्या बाहेर पडण्याची अडचण तेथें येत नाहीं.

एवढें सुंदर उपकरण हातीं असतांही ऑट्रेडनें कित्येक वर्षें तें प्रसिद्ध केलें नाहीं. १६३० च्या उन्हाळ्यांत विल्यम फॉर्स्टर नांवाचा त्याचा एक शिष्य ऑल्बरीस येऊन राहिला होता. गंटरची सहा फुटी पट्टी व तिचें लांबलचक कर्कटक यांविषयीं तो बोलूं लागला, तेव्हां गुरूनें आपल्या सरकत्या पट्ट्या व वर्तुळें त्याच्यापुढें ठेविलीं. शिष्य थक्क झाला, व इतके दिवस ही वस्तु लपवून कां ठेविली असें त्यानें विचारलें. ऑट्रेडनें दिलेल्या उत्तराचा आशय असा होता कीं, विद्येचा खरा मार्ग उपपत्तीचा आहे, उपकरणाचा नव्हे. जो शिक्षक आरंभींच विद्यार्थ्याच्या हातीं यंत्र देतो आणि त्यामागील कारण सांगत नाहीं, तो विद्वान घडवीत नाहीं. तो गारुड्यासारखे हातचलाखीचे खेळ करणारे लोक तयार करतो. आधीं शास्त्र नीट समजावें, मग यंत्र खुशाल वापरावें, असें त्याचें मत होतें.

याच मतानुसार त्यानें आपला शास्त्रग्रंथ आधीं छापविला. १६३१ सालीं त्याचा ‘क्लॅव्हिस मॅथेमॅटिसी’ म्हणजे गणिताची किल्ली हा लॅटिन ग्रंथ बाहेर पडला. अरुंडेलच्या अर्लचा मुलगा त्याजकडे शिकत असे. त्याच्यासाठीं तो मुळांत लिहिलेला होता. पुस्तक शंभर पानांहूनही लहान. परंतु अंकगणित व बीजगणित यांचें सार त्यांत थोडक्या खुणांनीं मांडलेलें होतें, आणि गुणाकाराची × ही खूण त्याच पुस्तकानें रूढ केली. पुढें केंब्रिज येथें शिकत असतां न्यूटननेंही तें वाचिलें. त्यानंतर १६३२ सालीं फॉर्स्टरनें आपल्या गुरूच्या वर्तुळाकार उपकरणाचें वर्णन इंग्रजींत भाषांतर करून प्रसिद्ध केलें. लंडनमधील कुशल कारागीर इलायस ऍलन हा तीं उपकरणें पितळेचीं बनवून विकीत असे.

पण तोंपर्यंत एक निराळीच घटना घडून गेली होती. रिचर्ड डेलामेन नांवाचा लंडनमधील एक गणितशिक्षक पूर्वीं ऑट्रेडकडे येतजात असे, व त्याच्यापासून पुष्कळ शिकलाही होता. त्यानें तशाच वर्तुळाकार उपकरणावर एक पुस्तक लिहून तें फॉर्स्टरच्या पुस्तकाच्या आधींच छापलें आणि राजा पहिला चार्ल्स याला अर्पण केलें. यावरून दोन्ही बाजूंनीं चोरीचे आरोप सुरू झाले. फॉर्स्टरनें आपल्या प्रस्तावनेंत डेलामेनचें नांव न घेतां त्याला टोंचलें. डेलामेननें उलट उत्तर दिलें. आणि साठीच्या घरांतील ऑट्रेडनेंही आपली बाजू मांडण्यासाठीं एक कडक पत्रक लिहिलें. जो मनुष्य पैशाकरितां कधीं हपापला नाहीं, तो कीर्तीच्या बाबतींत मात्र दुखावला गेला. त्या पत्रकांतील भाषा एका शांत स्वभावाच्या पाळकाला शोभणारी नव्हती, हें त्याच्या चाहत्यांनींही मान्य करावें लागेल.

या वादांत डेलामेनची बाजू अगदींच टाकाऊ नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. त्याचें म्हणणें असें कीं, प्रत्येकाला खोल शास्त्र शिकण्याइतकी सवड किंवा बुद्धि नसते. अशा लोकांनीं उपकरणावर आपलें काम भागविलें तर त्यांना गारुडी म्हणून हिणविणें योग्य नाहीं. उपकरणाच्या वापरांतूनही शास्त्राची गोडी लागूं शकते. आपल्या शाळांतूनही हा प्रश्न नेहमीं उभा राहतो. उपकरण कोणाचें, याविषयीं पुढील इतिहासकारांचा बहुतेक निर्णय असा आहे कीं, दोघांनींही तें स्वतंत्रपणें शोधिलें असावें. प्रथम छापण्याचा मान वर्तुळाकार रूपापुरता डेलामेनचा, आणि सरळ सरकत्या पट्टीचा जनक ऑट्रेडच. एवढ्यावरून दोन विद्वानांची मैत्री कायमची तुटावी, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

ऑट्रेडचे शेवटचे दिवस धामधुमींत गेले. १६४२ सालीं इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांच्यांत यादवी युद्ध पेटलें. ऑट्रेड राजपक्षाचा म्हणून १६४६ सालीं त्याला ऑल्बरींतून काढून टाकण्याचा घाट घातला गेला. त्या वेळीं विल्यम लिली हा ज्योतिषी व व्हाइटलॉक हा वजनदार मुत्सद्दी त्याच्या साह्यास धांवून आले, आणि म्हाताऱ्या पाळकाचें घर वांचलें. १६५७ सालीं, ऐशीं वर्षें उलटून गेल्यावर, त्याचें त्रिकोणमितीवरील पुस्तक निघालें. १६६० च्या मे महिन्यांत राजपुत्र दुसरा चार्ल्स परत गादीवर आला. ही वार्ता ऐकून अत्यानंदानें ऑट्रेडचे प्राण गेले अशी दंतकथा आहे. वास्तविक तो त्याच वर्षीं ३० जून रोजीं वारला, व त्या वेळीं त्याचें वय सुमारें शाऐशीं वर्षांचें होतें. ऑल्बरीच्या जुन्या देवळांतच त्याला मूठमाती देण्यांत आली.

ऑट्रेड गेला, पण त्याची पट्टी वाढतच गेली. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट याच्या कारखान्यांत ती होती. १८५० च्या सुमारास ऍमेडे मॅनहाइम या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्यानें तिच्यावर आंकडे जुळविण्याची सरकती खूण बसविली आणि तिला आधुनिक रूप दिलें. दुसऱ्या महायुद्धापर्यंत, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळांत, ती थेट समुद्राखालीं जाऊन पोहोंचली; आणि तेथें तिचें रूप बहुधा वर्तुळाकार असे, जसें ऑट्रेडच्या पुस्तकांत होतें तसेंच.

पाणबुडींत तिचें काम काय, तें पाहूं. पाण्याखालीं असलेल्या पाणबुडीचा कप्तान पेरिस्कोपची नळी कांहीं क्षणच पाण्याबाहेर काढतो. अधिक वेळ काढली तर शत्रूला ती दिसेल. तेवढ्या क्षणांत त्याला जहाज दिसतें, पण तें किती दूर आहे हें नुसत्या डोळ्यांनीं समजत नाहीं. मात्र पेरिस्कोपच्या कांचेवर अंशांच्या बारीक खुणा असतात. जहाजाच्या पाण्याच्या रेषेपासून डोलकाठीच्या टोंकापर्यंत किती अंशांचा कोन होतो, तें त्या खुणांवरून वाचतां येतें. कांहीं पेरिस्कोपांत याकरितां एक खास भिंगाची योजनाही असे. ती फिरविली म्हणजे एका जहाजाचीं दोन चित्रें दिसत. एका चित्रांतील पाण्याची रेषा दुसऱ्या चित्रांतील डोलकाठीच्या टोंकाला भिडविली कीं कोन मिळाला. मग डोलकाठी किती उंच आहे हें ठाऊक असलें तर अंतर काढणें हें त्रिकोणमितीचें साधें उदाहरण होतें. उंचीला कोनाच्या टॅन्जंटनें भागलें कीं अंतर येतें.

समजा, डोलकाठी ९० फूट उंच आहे आणि कोन १ अंशाचा आहे. ९० फूट म्हणजे ३० यार्ड. एक अंशाचा टॅन्जंट सुमारें ०.०१७४६ आहे. भागाकार केला तर जहाज सुमारें १७२० यार्डांवर आहे असें कळतें. लहान कोनांकरितां याहूनही सोपा नियम आहे : फुटांतील उंचीला १९.१ नें गुणावें व कोनाच्या अंशांनीं भागावें, म्हणजे यार्डांत अंतर मिळतें. हा गुणाकार व भागाकार स्लाइड रूलवर चकती एकदां फिरवून होतो. अंधाऱ्या, कोंदट, हेलकावणाऱ्या पाणबुडींत कागद-पेन्सिल घेऊन बसण्यास कोणाला सवड? चकती फिरविली, आंकडा वाचला, काम झालें. तीन मिनिटांनीं पुन्हां तसेंच अंतर काढावयाचें. दोन्ही वेळच्या अंतरांवरून व दिशांवरून जहाजानें मधल्या वेळांत किती मजल मारली तें नकाशावर काढतां येतें. तीन मिनिटांत सुमारें १५०० यार्ड मजल झाली तर त्याचा वेग ताशीं १५ सागरी मैल समजावा.

आतां ऑट्रेडचा विचार आठवा. त्या चकतीला कोन कप्तानानें दिला. पण डोलकाठीची ९० फूट ही उंची कोणीं मोजली? कोणीच नाहीं. शत्रूच्या जहाजांच्या आकृतींचें एक पुस्तक पाणबुडींत असे. त्यांतून हें अमुक जातीचें जहाज असें घाईघाईनें ओळखून त्याची उंची घेतलेली असे. संध्याकाळचा अंधुक प्रकाश, लाटांचा पडदा, आणि दुरून सारखींच दिसणारीं जहाजें, अशा स्थितींत ओळख चुकणें अगदीं सोपें. समजा, ती डोलकाठी वास्तविक १०८ फूट उंच होती. मग जहाज १७२० यार्डांवर नसून सुमारें २०६० यार्डांवर होतें. उंचींत जेवढ्या प्रमाणाची चूक, तेवढीच अंतरांत. आणि अंतरांत जेवढी, तेवढीच वेगांत. १५ सागरी मैलांनीं जाणारें जहाज त्या हिशेबानें १२॥ मैलांचेंच ठरतें. ताशीं ४६ सागरी मैलांनीं धांवणारा टॉर्पेडो सोडला तरी आडव्या जाणाऱ्या त्या जहाजाच्या मध्यावर धरलेला नेम शंभराहून अधिक यार्ड मागें पडेल. जहाज निसटून जाईल, आणि सावध झालेलीं रक्षक जहाजें पाणबुडीच्या शोधास लागतील. तेव्हां आंतील साऱ्या माणसांचे प्राण टांगणीला लागतात. कोन फारच लहान असला तर संकट आणखी वाढतें. अर्ध्या अंशाच्या कोनांत एक-दशांश अंशाची चूक झाली, तर अंतर पांचवा हिस्सा चुकलें म्हणून समजावें.

या सर्व प्रकारांत स्लाइड रूलची चूक कोठेंच नाहीं. तिनें दिलेल्या आंकड्यांचें अचूक उत्तर दिलें. खोटी उंची दिली तरी ती तितक्याच शांतपणें, तितक्याच स्पष्ट आंकड्यांनीं उत्तर देते. शंका काढीत नाहीं. शंका काढणें हें माणसाचें काम. ज्याला त्यामागील त्रिकोण समजला आहे, तोच जाणतो कीं या उत्तराचा सारा भार त्या न मोजलेल्या उंचीवर आहे. म्हणून तो पुन्हां पाहतो, दुसऱ्या रीतीनें पडताळतो, आणि पहिलें व दुसरें अंतर जुळत नसेल तर थांबतो. ज्याला नुसती चकती फिरवितां येते तो आंकडा वाचून निश्चिंत होतो. शास्त्र आधीं आणि यंत्र मागून, हा ऑट्रेडचा आग्रह किती खरा होता, तें येथें दिसून येतें.

एका पाळकानें हिशेबाचे कष्ट वांचविण्यासाठीं काढलेली वस्तु माणसें बुडविण्याच्या कामीं लागावी, याचें वाचकांस वाईट वाटेल. परंतु त्याच त्रिकोणानें माणसें तरतातही. दीपगृहाची उंची दर्यावर्दी लोकांच्या नकाशांत छापलेली असते. खलाशी सेक्स्टंट या यंत्रानें दिव्याचा कोन मोजतो, अंतर काढतो, आणि खडकांपासून दूर राहतो. येथें उंची अंदाजानें घेतलेली नसून मोजलेली असते, हा केवढा फरक! उपकरणाला मित्र ना शत्रु. तें कोणत्या कामीं लावावें हें ठरविण्याची जबाबदारीही, शंका काढण्याच्या जबाबदारीप्रमाणेंच, आपल्याकडेच राहते.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभीं खिशांत मावणारें विजेचें गणकयंत्र बाजारांत आलें, आणि थोड्याच वर्षांत स्लाइड रूल मागें पडला. तुमच्यापैकीं ज्यांचे आजोबा इंजिनियर असतील त्यांच्या जुन्या पेटींत कदाचित् अजूनही तो सांपडेल. सांपडला तर मागून घ्या आणि त्यांच्याकडूनच तो चालवावयास शिका. आतां आपल्या हातीं त्याहून हजारों पटींनीं वेगवान यंत्रें आहेत. त्यांची उत्तरें दहा-दहा अंकांपर्यंत झळकतात, आणि इतके अंक पाहिले कीं उत्तर खरेंच असणार असा भास होतो. तशा वेळीं ऑल्बरीच्या त्या वृद्ध गुरूचें स्मरण करून स्वतःला एक प्रश्न विचारावा : या हिशेबांतील डोलकाठीची उंची कोणीं मोजली आहे? एवढा प्रश्न विचारण्याची संवय ज्या विद्यार्थ्याला लागली, तो ऑट्रेडचाच शिष्य होय, मग त्याच्या हातीं पट्टी असो वा नसो.